तंबोरा कोरडा का वाजतो? संगणक बदलण्याआधी थोडं थांबा

प्रश्न: मी मिरजेची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरी २०१४ साली जुळवून घेतलेला संगणक आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. मागच्या हिरव्या भोकातून वायर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जाते आणि तिथून शोकेसमधल्या दोन स्पीकरना. यजमानांच्या ३०० वर कॅसेटी भाच्याने आवाज ‘साफ’ करून एमपी-थ्रीमध्ये घेऊन दिल्या. शंभरेक सीडीही आहेत. तक्रारी तीन: सतत बारीक घूं असा आवाज येतो, मध्येच टक् होतं, आणि तंबोरा कोरडा वाजतो, भरत नाही. दुकानदाराने नवा संगणक, १६ जीबी रॅम, सोन्याचा मुलामा दिलेली केबल असा ७० हजारांचा अंदाज दिला आहे. भाचा म्हणतो, १९२ किलोहर्ट्‌झचं कार्ड घे. माझी उडी २५ हजारांपर्यंत. काय बदलू?

उत्तर:

बाई, दुकानदाराचा तो कागद घडी घालून बाजूला ठेवा. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत, आणि त्यांतल्या एकीवरही नवा संगणक हे औषध नाही. सांगलीत गेली २७ वर्षं मी संगणक जुळवतो आणि त्याच टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरही उघडतो. गिऱ्हाईक ‘आवाज सुधारायचाय’ म्हणत आलं की मी आधी विचारतो, नेमकं काय खटकतंय? बहुतेकांना ते सांगता येत नाही. तुम्ही नीट सांगितलंत, म्हणून अर्धं काम आत्ताच झालंय.

संगणकाकडून गाणं वाजवायला लागतं तरी किती, ते बघा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, म्हणजे मेगाबाइटचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. तुमची दहा-अकरा वर्षांची हार्ड डिस्क धडधाकट असेल तर याच्या काहीशे पट वेगाने वाचते. प्रोसेसर बिचारा जांभया देत बसलेला असतो. रॅम वाढवली तर ब्राउझर पळेल, यमन नाही. आकडे जसेच्या तसे पोचले की संगणकाचं काम संपलं, आणि २०१४ चा संगणक ते काम २०२४ च्या संगणकाइतकंच चोख करतो. बिघाड होतो तो दोन ठिकाणी: आकडे वेळेवर न पोचणं, आणि आकड्यांचा आवाज झाल्यावर त्यात विजेची घाण मिसळणं. तिसरी जागा संगणकाच्या बाहेरची आहे. मुळात आकडेच चुकीचे साठवलेले असणं. तुमच्या तंबोऱ्याचं दुखणं मला तिथलं वाटतंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुम्ही मिरजेच्या, तेव्हा तंबोऱ्याबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं! सतारमेकर गल्लीतला कारागीर घोडी घासून जवारी लावतो आणि तारेखालचं सूत केसभर मागे-पुढे करत नाद उघडेपर्यंत थांबतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांमुळे.) जवारीमुळे तार घोडीला घसटत राहते आणि वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात. यंत्रणा तपासायला मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही. एखादी चांगली सीडी लावा, ज्यात सुरुवातीचा अर्धा मिनिट नुसता तंबोरा आहे. डोळे मिटा आणि खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे कुणी न छेडता आपोआप उमटणारा ग, वर येतो का ते ऐका. मग तशीच सुरुवात असलेली भाच्याने केलेली कॅसेटची फाइल लावा.

सीडीत गंधार दिसला आणि फाइलमध्ये दिसला नाही, तर तुमचा संगणक, वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळे निर्दोष सुटले. गुन्हा फाइलमध्ये घडलाय. माझा अंदाज असा: ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘नॉइज रिडक्शन’ नावाची सोय असते. तिला आधी ध्वनिमुद्रणातला ‘नुसत्या गोंगाटाचा’ एक तुकडा दाखवायचा, मग ती त्या जातीचा आवाज सगळ्या फाइलमधून कमी करते. कॅसेटची सुरसुर घालवायला म्हणून लोक सुरुवातीचे चार-पाच सेकंद निवडतात, कारण तिथे गायक अजून गात नसतो. पण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्या चार-पाच सेकंदांत काय असतं? तंबोरा! प्रोग्रॅमला वाटतं, हाच गोंगाट. मग तो इमानेइतबारे तासभर तंबोरा पुसत बसतो. आठ-दहा वर्षांपूर्वी एका जुन्या गानप्रेमी गृहस्थांचा असाच संग्रह माझ्याकडे आला होता. दीडशे फाइली, सगळ्यांत गवई जणू कापसाच्या खोलीत एकटा बसून गातोय. मूळ कॅसेटी त्यांनी रद्दीत दिल्या होत्या. तुमच्या कॅसेटी घरात आहेत ना? मग एकही टाकू नका. भाच्याला रागावूही नका, त्याने चांगल्याच हेतूने केलं.

पुसलेलं काही कोणतंही कार्ड परत आणत नाही. एमपी-थ्रीचंही तसंच. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत साधारण १६ हजार हर्ट्‌झच्या वरचं छाटलेलं असतं. त्याहून मला जास्त टोचतं ते तबल्याच्या चाटीचं. थापेच्या आधीच एक पुसट फुसकारा ऐकू येतो, टोक बोथट होतं. तीच फाइल पुन्हा फ्लॅक (काहीही न छाटता साठवणारा फाइलचा प्रकार) करून ठेवली तर जागा तेवढी वाढते.

आता टक्. याची परीक्षा फुकट आहे. एकच गाणं दोनदा लावा आणि टक् कुठे होतं ते घड्याळ बघून लिहून ठेवा. दोन्ही वेळा त्याच सेकंदाला झालं तर ते फाइलमध्ये आहे. वेगवेगळ्या जागी झालं तर संगणक अडखळतोय. अडखळण्याचं कारण क्वचितच ‘कमी ताकद’ असतं. बहुधा एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एकेक भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम), माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा वायफायचा, क्षणभर सगळ्यांना थांबवून धरतो आणि तेवढ्यात आवाजाचा साठा संपतो. वायफाय बंद करून अर्धा तास ऐका. टक् गेलं तर चोर सापडला. नवा ड्रायव्हर टाका, नाहीतर वायर लावा. लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्रॅम नेमका कोणता ड्रायव्हर ते नावासकट दाखवतो. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा आणि वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये बफर, म्हणजे तो आवाजाचा साठा, वाढवा. गाणं ऐकताना बफर एक सेकंदाचा असला काय, दोन सेकंदांचा असला काय, काही बिघडत नाही. तो कमी लागतो रेकॉर्डिंग करणाऱ्यांना.

डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम मात्र जरूर चालवा. हार्ड डिस्कवर पिवळा ‘कॉशन’ दिसला तर त्या दिवशीच सगळ्याची प्रत काढा आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, घ्या. तुमच्या संगणकात बदलायचं झालंच तर तेवढीच एक गोष्ट. तिने आवाज गोड होणार नाही, पण डिस्कची घरघर जाईल आणि संगणक चहा होईपर्यंत उघडत बसणार नाही. रॅम राहू द्या.

घूं हे माझं आवडतं दुखणं आहे, कारण यात लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे घूं ५० आणि १०० हर्ट्‌झवर असते. गंमत बघा, १०० हर्ट्‌झ म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या किंचित वर. गवयाचा षड्ज काळी एकला असेल तर हा झाला तीव्र मध्यम, तोही थोडा चढा! तुमच्या घरात शुद्ध मध्यमाचे राग ऐकताना उगाच बेचैनी येत असेल तर दोष सगळा गवयाचा नाही.

कारण बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन अर्थिंगांमध्ये ऑडिओ वायरीतून फिरत राहणारी वीज. संगणकाला तीन पिनांची अर्थिंग आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरला आणखी कुठून तरी दुसरी अर्थिंग मिळतेय. आपल्याकडे ती हमखास केबल टीव्हीच्या तारेतून येते. सेट-टॉप बॉक्सची ऑडिओ वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली असेल तर काढून बघा. तेवढ्यानेच शांत झालं तर एक रुपया खर्च न होता काम झालं. तरी राहिलं तर संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. मग घरातले पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे एकेक करून बंद करा. घूं ऐवजी चरचर असेल तर ती बहुधा त्यांचीच. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज जास्त खरखरतो का तेही बघा. जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर गाण्याचे वैरी आहेत, साइन वेव्हवाला असेल तर हा त्रास होत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घूं घालवायला काही वायरमन प्लगची अर्थिंगची पिन मोडून देतात. घूं जाते खरी, पण उद्या आत कुठे शॉर्ट झाला तर पत्र्याच्या डब्यात २३० व्होल्ट उभे राहतात आणि हात तुमचा लागतो. कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

लूप कायमचा तोडायचा सभ्य मार्ग म्हणजे प्रकाश. तुमच्या संगणकाच्या मागे झाकण असलेलं चौकोनी भोक आहे का बघा, ज्यातून लाल उजेड दिसतो. ते ऑप्टिकल आउटपुट. त्याच्या प्लॅस्टिकच्या दोरीतून वीज जाऊच शकत नाही, फक्त आकडे जातात. दुसऱ्या टोकाला डॅक लागतो, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी छोटी डबी, आणि डॅकमधून साधी आरसीए वायर अ‍ॅम्प्लिफायरला. ऑप्टिकल नसेल तर यूएसबीचा डॅक घ्या. मदरबोर्डच्या आतली घाण तरी त्याने टळते. माउस हलवला की स्पीकरमध्ये चिर्र होतं ना, ती घाण. यूएसबीवर घूं शिल्लक राहिलीच तर ती वाट तोडणारा यूएसबी आयसोलेटर मिळतो. डॅकला आठ-दहा हजारांच्या वर जाऊ नका. फियो, टॉपिंग, एसएमएसएल या कंपन्यांचे खालच्या श्रेणीतले डॅकसुद्धा तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा स्वच्छ आहेत. घेताना ऑप्टिकल इनपुट आहे ना एवढं बघा. सोन्याची केबल नको. यूएसबीतून आकडे जातात. केबल खराब असेल तर आवाज तुटतो, सोन्याने तो मऊ होत नाही.

भाच्याच्या १९२ बद्दल. ४४.१ किलोहर्ट्‌झमध्ये २२ हजार हर्ट्‌झपर्यंतचं सगळं मावतं. तरुण कानाची मर्यादा सुमारे २० हजार. मी ५३ वर्षांचा आहे, माझं स्वतःचं १२ हजारांच्या वर मिटलंय, आणि तुम्ही निवृत्त आहात, यापुढे मी काही बोलत नाही. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. रात्री मिरजेच्या गल्लीतसुद्धा खोलीत तीस-एक डेसिबल असतातच. तुमच्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेली सीडी असेलच, मिरजेच्या घरात नसली तरच नवल. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि त्यांत पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही उतरलेलंच नाही. त्यावर १९२ लावणं म्हणजे पोस्टकार्ड होर्डिंगवर छापणं. जास्तीचे बिट कामाला येतात ते रेकॉर्ड करताना. ते पुढे सांगतो.

सॉफ्टवेअरचं झटपट. कंट्रोल पॅनेलच्या ‘साउंड’मध्ये तुमच्या आउटपुटची ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘एन्हान्समेंट्स’ सगळी बंद करा. ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ चालू असेल तर ते हळू आवाज मोठा आणि मोठा हळू करतं, विलंबिताची आणि तानेची उंची एकच होते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४४१०० ठेवा. सीडी आणि कॅसेटी ऐकणाऱ्याला हाच आकडा बरा, नाहीतर विंडोज प्रत्येक नमुन्याचं रूपांतर करत बसतं. (हे रूपांतर हल्ली इतकं वाईट नसतं, पण विनाकारण कशाला?) वाजवायला फूबार२००० घ्या. फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, मला तसंच आवडतं. त्यात ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेलं आउटपुट निवडलं की मेलचा टिंग् ख्यालात येत नाही. संगणकाचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवर करा. विंडोज १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, दुकानदाराने बहुधा हीच भीती घातली असेल. संगणक गाण्यापुरताच असेल तर त्याचं इंटरनेट काढून टाका आणि वापरत राहा. बँकेची कामंही त्यावर करत असाल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या. आय-३ ला ते आरामात झेपतं.

आता पैसे खरे कुठे घालायचे ते. स्पीकर शोकेसमध्ये ठेवलेत म्हणालात. बाई, त्यांना आजच बाहेर काढा. लाकडी खणात स्पीकर ठेवला की खण स्वतःच वाजतो, डग्गा आणि खर्ज घुमट होतात आणि त्याखाली सगळं झाकलं जातं. मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कानाच्या उंचीला, दोघांमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं. एकदा टाळी वाजवून बघा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर टाळीला झणझणीत शेपूट येईल. समोर जाड सतरंजी टाका, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. नव्या डॅकमुळे जो फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक या सरकवासरकवीने पडतो, आणि हे मी डॅक विकणारा माणूस सांगतोय.

स्पीकरची जाळी काढून कडेचा फोम बोटाने अलगद दाबा. वीस-पंचवीस वर्षांत तो भुसभुशीत होतो. चुरा हाताला लागला तर कोन (आतला पडदा) फेकून देऊ नका, नुसता सराउंड, म्हणजे तो कडेचा फोम, बदलून मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवताना खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. एखाद्या जाणकाराकडून आतले मोठे कॅपॅसिटर तपासून घ्या. ते थकले की घूं येते आणि अर्थिंगचे सगळे प्रयोग करूनही जात नाही.

राहिल्या कॅसेटी. त्या संगणकात पुन्हा रेकॉर्ड करून घ्याव्या लागणार, आणि माझ्या मते तुमच्या पंचवीस हजारांतला निम्मा वाटा इथे जावा: एक नीट चालणारा कॅसेट डेक दुरुस्त करून आणि लाइन इनपुट असलेला एक साधा यूएसबी इंटरफेस, म्हणजे डेकच्या आवाजाचे आकडे करून संगणकाला देणारी डबी. सगळ्या ३०० एकदम नकोत. ज्या बाजारात सीडीवर मिळतात त्या सोडा, घरगुती मैफलींच्या आधी घ्या. डेकचं हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, तो प्रत्येक कॅसेटला किंचित फिरवावा लागतो, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते. डावा-उजवा एकत्र करून ऐका आणि तंबोरा सर्वांत उघडा वाजेल तिथे थांबा. सुताचंच काम आहे, फक्त हातात स्क्रू-ड्रायव्हर. मग हार्मोनियम काढून षड्ज जुळवा. काळी एकचा गवई पांढरी दोनवर गाताना सापडला तर डेक सुमारे ६ टक्के जलद पळतोय. बहुतेक मोटरींच्या पाठीला वेग कमी-जास्त करायचं बारीक भोक असतं.

रेकॉर्ड २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झला करा. इथे जास्तीचे बिट उपयोगी पडतात, कारण सर्वांत मोठी तान लाल रेघेच्या दहा-बारा डेसिबल खाली ठेवली तरी तळाशी काही हरवत नाही. ‘नॉइज रिडक्शन’ला हात लावू नका. सुरसुर राहू द्या, दोन मिनिटांत कान ती विसरतो. साठवा फ्लॅकमध्ये. सीडीच्या दर्जाचं गाणं त्यात निम्म्याच्या आसपास जागेत बसतं आणि एकही बिट जात नाही. सीडी संगणकात उतरवून घेताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरा, ओरखडे असलेल्या जागा तो पुन्हापुन्हा वाचतो.

आणि हे सगळं दोन डिस्कवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझं दुकान गावभागात होतं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेल्या डिस्क बादलीत घालून आणत होते, आणि बहुतेकांच्या दोन्ही प्रती एकाच कपाटाच्या खालच्या खणात होत्या. तुमची दुसरी डिस्क भाच्याकडे ठेवायला द्या, तो वरच्या मजल्यावर राहत असेल तर. आधीच्या एमपी-थ्री फाइलीही इतक्यात पुसू नका. एखादी कॅसेट मध्येच तुटली तर तंबोऱ्याविना का होईना, गाणं राहील.